वावटळ, वावधान, तुफान, चक्रीवादळ: कोणत्या वाऱ्याला काय म्हणायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गैरसमज व्हायला नको. आपत्तीच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणायचं काम तुमच्याकडे आलंय. यादीत सायक्लोन, हरिकेन, टायफून, टॉर्नेडो, स्क्वॉल आणि डस्ट डेव्हिल अशी सहा नावं आहेत आणि प्रत्येकासमोर एकेक ‘शुद्ध’ मराठी शब्द लिहायचाय. आई जळगावकडची, ती वावधन म्हणते. सासर रत्नागिरीचं, तिथं तुफान म्हणतात. शाळेच्या भूगोलात आवर्त होतं, बातम्यांत चक्रीवादळ असतं. यातलं बरोबर कोणतं, आणि बाकीचे शब्द खोडायचे का?

खोडू नका. हवामानाच्या बातम्या आणि इशारे मराठीत आणण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखाच ‘एकास एक’ शब्द शोधत होतो. तो शोध फुकट गेला, कारण मुळात ती सहा नावं सहा गोष्टींची नाहीतच. सायक्लोन, हरिकेन आणि टायफून ही एकाच प्रकारच्या वादळाची, वेगवेगळ्या समुद्रांवरची नावं. आपल्याकडे अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात ते सायक्लोन, अटलांटिकमध्ये आणि अमेरिकेच्या पश्चिमेला हरिकेन, चीन-जपान-फिलिपिन्सकडे टायफून. तिन्हींसमोर बेधडक चक्रीवादळ लिहा. मराठी वाचकाला फ्लोरिडातलं ‘हरिकेन’ म्हणजे काही वेगळाच राक्षस वाटायचं कारण नाही. फरक आहे तो एवढाच की, वाऱ्याचा वेग ताशी साधारण ११९ किलोमीटर झाल्याशिवाय त्यांच्याकडे हरिकेन म्हणत नाहीत, आणि आपल्याकडे ६२ पासून चक्रीवादळ धरतात.

उरलेली तीन मात्र खरंच वेगळी आहेत, आणि घोळ तिथंच होतो. ती वेगळी करायला मी एकच प्रश्न विचारतो: हा वारा जन्मला कुठे? जमिनीवर, ढगात की समुद्रावर?

जमिनीवर जन्मते ती वावटळ. माझं बालपण आटपाडीकडच्या कोरड्या पट्ट्यात गेलं. चैत्र-वैशाखात दुपारी बाराच्या सुमाराला रान तापून पांढरं पडायचं आणि नांगरटीतून एखादी वावटळ उठायची. भुईलगतची हवा तापून वर जायला लागते, तिच्या जागी बाजूची हवा घुसते, घुसता घुसता गिरकी घेते आणि धूळ-पाचोळा खांबासारखा उभा राहतो. आकाशात ढगाचा पत्ता नसतो. दोन-चार मिनिटांत खेळ खलास. आम्हाला सांगायचे, आत भूत नाचतंय, मध्ये जाऊ नका. आणि अर्थातच आम्ही मध्येच जायचो. डस्ट डेव्हिल म्हणजे नेमकी हीच. इंग्रजांनाही तिच्यात सैतानच दिसला, हे एक बरं झालं. ‘धूळभोवरा’, ‘धूलिचक्र’ असले शब्द घडवायची काहीच गरज नाही. वावटळ सगळ्या महाराष्ट्राला कळते.

ढगात जन्मतो तो दुसरा गट, आणि तुमच्या आईचं वावधन इथलं. वारं-वावधान, वावदान, वावधन, गावागणिक उच्चार बदलतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला किंवा दक्षिणेला ढग काळे होतात, हवा कोंडते, आणि पाऊस पोचायच्या आधी एकदम गार वारा अंगावर येतो. पत्रे, कडब्याच्या गंजी, आंब्याच्या कैऱ्या सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत जातं. ढगातून पावसाबरोबर गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीला आपटून पुढे पसरते, तो हा वारा. शास्त्राच्या भाषेत याला स्क्वॉल म्हणतात. परिभाषेत चंडवात असा शब्द आहे, पण तो बातमीत घातला तर वाचक पुढची ओळ वाचत नाही. नागपूर-गोंदियाकडे हिंदीच्या शेजारामुळे यालाच ‘आंधी आली’ म्हणतील. आमच्याकडे ‘वळवाचं वारं’. सूचनेत मी ‘सोसाट्याचा वारा’ लिहितो आणि खानदेश-मराठवाड्यासाठी जाणाऱ्या मजकुरात शेजारी ‘वारं-वावधान’ जोडतो. दोन शब्द जास्त लागतात, पण म्हातारं माणूस उठून जनावरं आत बांधतं.

टॉर्नेडोही ढगातूनच येतो, पण गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली सोंड सोडत. वावटळ भुईतून वर जाते, टॉर्नेडो ढगातून खाली येतो. इतकं सांगितलं तरी शाळेतल्या मुलाला फरक कळतो. ताकदीत तर तुलनाच नाही. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टॉर्नेडोत सुमारे तेराशे माणसं गेली. महाराष्ट्रात हा प्रकार इतका विरळा की बोलीला त्याचं स्वतंत्र नाव पाडायची गरजच पडली नाही. पाण्यावर सोंड उतरली तर जलस्तंभ हा शब्द चांगला आहे. जमिनीवरच्यासाठी घूर्णवात, घूर्णवाती वादळ असे शब्द परिभाषेत आहेत. लेखात वापरा, इशाऱ्यात नको. इशाऱ्यात सरळ ‘टॉर्नेडो’ लिहा आणि पुढे ‘ढगातून उतरणारी वाऱ्याची सोंड’ असं स्पष्ट करा. टॉर्नेडोला वावटळ म्हणणं ही मात्र चूक आहे, आणि ती रोज होते. ‘अमेरिकेत वावटळीत गाव उद्ध्वस्त’ असं छापून येतं तेव्हा आटपाडीच्या माणसाला हसू येतं.

समुद्रावर जन्मतं ते चक्रीवादळ. पाणी निदान साडेसव्वीस अंश सेल्सिअसइतकं तापलेलं हवं, आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ नको, कारण तिथं हवेला गिरकी देणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम पुरत नाही. आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या उलट फिरतं. पसारा शेकडो किलोमीटरचा, मुक्काम दिवसांचा. वावटळीचा व्यास पावलांनी मोजायचा, चक्रीवादळाचा जिल्ह्यांनी. दोन्हींत गिरकी आहे एवढंच साम्य.

आता शब्दांच्या पोटात शिरू, कारण तुमच्या प्रश्नातला ‘शुद्ध’ हा शब्द मला टोचतोय. चक्रीवादळ हा शब्द फार जुना नाही. सायक्लोन हा शब्दच मुळी कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रजाने १८४८ च्या आपल्या पुस्तकात वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. सापाचं वेटोळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आपण त्यातलं चक्र उचललं आणि वादळाला जोडलं. हिंदीनं चक्रवात घेतला. पण संस्कृतात चक्रवात म्हणजे काय? भागवताच्या दहाव्या स्कंधात कंसाचा धाडलेला तृणावर्त बाळकृष्णाला उचलून नेतो, तो ‘चक्रवातस्वरूपेण’ येतो. गोकुळात धूळच धूळ, कुणाला काही दिसेना, बाळ आकाशात. ही अस्सल वावटळ आहे, सायक्लोन नव्हे. नावच तृणावर्त, गवत गरगरा फिरवणारा. म्हणजे आज हिंदी बातमीत जो शब्द ओडिशाच्या महावादळाला लावतात, तो मुळात मथुरेच्या वावटळीचा. शाळेतला आवर्तही त्याच घरातला. हवेचा दाब मध्यभागी कमी असलेल्या कुठल्याही फिरत्या प्रणालीला भूगोल आवर्त म्हणतो, युरोपातल्या हिवाळी पावसाच्या प्रणालीलाही. म्हणून इशाऱ्यात आवर्त नको. ‘आवर्त येतंय’ ऐकून कुणी दार लावून घेणार नाही.

वादळ या शब्दाची गंमत आणखी वेगळी. त्याचा संबंध संस्कृत वार्दल या शब्दाशी लावतात, अर्थ पावसाळी, कुंद दिवस. त्याच मुळाचा हिंदीत बादल झाला. गुजरातीत तर वादळ असंच राहिलं आणि अर्थ ढग! वादळाला ते वावाझोडुं म्हणतात. डहाणू-तलासरीकडे किंवा सुरतेच्या मराठी मंडळींसाठी सूचना करणार असाल तर हे विसरू नका. एका भाषेत जीव वाचवायचा शब्द, शेजारच्या भाषेत नुसता ढग. मराठीनं ढगातून वाऱ्याकडे उडी मारली, पण आमच्या भागात जुनी माणसं अजून ‘आज वादळ आहे’ म्हणताना कुंद, भरून आलेली हवाच सांगत असतात.

वावटळ आणि वावधान यांतला ‘वाव’ मात्र वाताचा, वाऱ्याचा. हाच वाव वावझडीत आहे. वावझड म्हणजे वाऱ्यानं तिरका झालेला पाऊस, ओटीवर घुसून भिंत भिजवणारा. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झाप लावतात ते याच्यासाठी. इंग्रजी यादीत या गोष्टीला जागाच नाही, पण घर मातीचं असेल तर नुकसान बहुतेक वेळा वावझडीनंच होतं. तुमच्या सूचनांत हा शब्द कुठेतरी बसवा, अशी माझी आपली विनंती.

झंझावात? अमरकोशाच्या ओळीप्रमाणे पावसासकट येणारा वारा म्हणजे झंझावात. छान, नेमका शब्द होता. राजकारण्यांनी पळवला. आता झंझावाती फक्त दौरे असतात. तुफानाचंही तेच झालं: तुफान गर्दी, तुफान हसलो. मूळ अरबी तुफान, फारसीतून आपल्याकडे आलं. पोर्तुगीजांनी ते आपल्या भाषेत नेलं, आणि इंग्रजी टायफूनच्या घडणीत हे तुफान आणि मोठ्या वाऱ्याचा चिनी शब्द एकमेकांत मिसळले. म्हणजे टायफून आणि रत्नागिरीचं तुफान हे एका अर्थी चुलतभाऊ. पुण्यात तुफान शब्दाला वजन राहिलं नाही. बंदरावर अजून आहे. तिथं खलाशी ‘दर्याला तुफान आहे’ म्हणतो तेव्हा तो हसत नसतो.

एक माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत विदर्भातल्या एका गावातून बातमी आली की, दुपारच्या वावटळीनं लग्नाचा मांडव उखडला, काही वऱ्हाडी जखमी. मला वावटळ शब्द फार गावंढळ वाटला. मी मथळा दिला: ‘लग्नमंडपावर चक्रीवादळ’. दोन दिवसांनी रत्नागिरीकडून एका नौकामालकाचा फोन आला. माणूस सभ्य होता, रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘साहेब, चक्रीवादळ वाचून माझ्या दोन नौका मी माघारी बोलावल्या. डिझेल गेलं ते गेलं. पुढच्या वेळी तुम्ही खरंच चक्रीवादळ लिहाल आणि मी बोलावणार नाही, त्याचं काय?’ त्या दिवसापासून समुद्रावर न जन्मलेल्या कुठल्याही वाऱ्याला मी चक्रीवादळ लिहिलं नाही.

याला सरकारी बाजूही आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या मदतीसाठी ज्या आपत्ती धरतात त्यांच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, ढगफुटी आहे, वावटळ नाही. त्यामुळे पंचनाम्यात काय शब्द पडतो याला महत्त्व येतं आणि गावात ‘चक्रीवादळच लिहा’ असा आग्रह होतो. तो मी समजू शकतो. पण राज्य आपल्या पातळीवर अवेळी पाऊस, वीज पडणं अशा आपत्तींनाही मदत देतं, तेव्हा जे झालं तेच नाव लिहून पुढचा मार्ग तलाठ्याला विचारणं बरं. अर्थात हे प्रसंगानुसार बदलतं, इथं मी अधिकारवाणीनं बोलणार नाही.

चक्रीवादळाच्या पायऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण अडखळणार तिथंच. हवामान विभागाच्या भाषेत आधी कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन (वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर), मग खोल डिप्रेशन (५० ते ६१), मग चक्रीवादळ (६२ ते ८८), तीव्र (८९ ते ११७), अतितीव्र (११८ ते १६६), त्याहून वरचं ‘अत्यंत तीव्र’ (१६७ ते २२१) आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ. मराठीत पहिल्या तिन्हींना ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणून उडवून लावतात. पट्टा लांबट असतो. हे क्षेत्र गोलसर असतं. आणि वरच्या टोकाला ‘अतितीव्र’ आणि ‘अत्यंत तीव्र’ यांत ऐकणाऱ्याला काय फरक कळणार? म्हणून मी विशेषण एकदाच वापरतो आणि लगेच वेग देतो, वेगानंतर परिणाम: कौलं उडतील, माड मोडतील, विजेचे खांब पडतील.

विशेषणावर विसंबू नये याचं उदाहरण कोकणानं पाहिलंय. ११ नोव्हेंबर २००९ ला आलेलं फयान वर्गवारीत साधं ‘चक्रीवादळ’ होतं, सगळ्यात खालच्या पायरीचं. पण नोव्हेंबर म्हणजे मासेमारीचा भर हंगाम, नौका समुद्रात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले किती खलाशी परत आले नाहीत ते तुमच्या सासरी विचारा. उलट ३ जून २०२० चं निसर्ग ‘तीव्र’ होतं, वारा ताशी ११० किलोमीटरच्या घरात. श्रीवर्धन-दिवेआगर, दापोली-मंडणगडकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. पण जून म्हणजे मासेमारीचा हंगाम सरत आलेला, बहुतेक नौका किनाऱ्याला होत्या. वर्गवारी वाऱ्याची असते; माणसं कुठे होती, ते तिच्यात लिहिलेलं नसतं.

आणखी दोन शब्द मी बदलायला लावतो. एक ‘धडकणार’. ‘वादळ दुपारी एकला धडकणार’ म्हटलं की लोक साडेबाराला बाजारात जातात. ती वेळ वादळाचा मध्य किनारा ओलांडण्याची असते. वारा त्याच्या कितीतरी तास आधी सुरू होतो. म्हणून मी लिहितो, ‘वारा पहाटेपासून वाढेल, सर्वांत जोर दुपारी.’ दुसरा ‘वादळाचा डोळा’, म्हणजे वादळाच्या मधोमधचा शांत भाग. शब्दशः ठीक आहे, पण नुसता पोकळ. सांगायचं ते असं: वारा एकाएकी पडला, ऊन पडल्यासारखं झालं तरी बाहेर येऊ नका, थोड्या वेळानं तो उलट्या दिशेनं येईल. बंदरावरच्या सूचनेत बावट्याचा, म्हणजे बंदरात लावलेल्या धोक्याच्या खुणेचा, क्रमांक द्याच. ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ हे कोळीवाड्यात कुठल्याही पारिभाषिक शब्दापेक्षा लवकर पोचतं. एक ते अकरा हे क्रमांक तिथं तोंडपाठ असतात.

वादळांची खास नावं हा वेगळाच त्रास. आपल्या भागात ती द्यायची पद्धत २००४ पासूनची. २०२० च्या नव्या यादीत तेरा देशांची तेरा-तेरा, एकूण १६९ नावं आहेत. मे २०२१ मधलं नाव म्यानमारनं दिलेलं, अर्थ पाल. इंग्रजी अक्षरं वाचून आपण तौक्ते लिहिलं, उच्चार होता तौते. एकाच दिवशी तीन वर्तमानपत्रांत तीन रूपं होती. आधी उच्चार पाहा, मग एकच रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘निसर्ग’ तर बांगलादेशानं दिलेलं नाव, आणि आम्ही वाक्य लिहिलं: ‘निसर्गानं कोकणात थैमान घातलं.’ वाचणाऱ्याला नाव कळेना की निसर्ग कळेना. शेवटी प्रत्येक वेळी ‘निसर्ग चक्रीवादळ’ असं पूर्ण लिहायचं ठरलं.

तेव्हा तुमची यादी मी अशी भरेन: सायक्लोन, हरिकेन, टायफून तिन्हींना चक्रीवादळ, डस्ट डेव्हिलला वावटळ, स्क्वॉलला सोसाट्याचा वारा आणि शेजारी त्या-त्या भागाचा शब्द, टॉर्नेडोला टॉर्नेडो. यादीला एक रकाना जास्तीचा जोडा, ‘गावात काय म्हणतात’. तो दिल्लीत किंवा पुण्यात बसून भरता येत नाही. आईचं वावधन तिथं पहिलं लिहा. सासूबाईंना एकदा विचारून घ्या की, तुफान आणि वादळ यांत त्यांच्याकडे फरक करतात का. मला रत्नागिरीच्या दोन बंदरांवर दोन वेगळी उत्तरं मिळाली होती, त्यामुळे त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा.